जिन्याखालच्या रेघा

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला माझं माहेर. घरात शिरलं की उजव्या हाताला माडीवर जाणारा सागवानी जिना आणि जिन्याखाली घंगाळ, रॉकेलचा गंजका डबा, एक पाय मोडलेला पाट असलं काहीबाही. त्या अडगळीमागच्या भिंतीवर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ओढलेल्या चार रेघा आहेत. सगळ्यांत खालची 1989 ची, गेरूची, गुडघ्याच्या जरा खाली. तिच्या वर वीतभर 2005, तीही गेरूचीच. 2019 ची निळ्या ऑइलपेंटची, कारण त्या उन्हाळ्यात खिडक्यांचे गज रंगवून डबा उरला होता. ती माझ्या खांद्याला लागते. चौथी 2021 ची, नुसत्या पेन्सिलीची. अण्णा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. ती रेघ निळीच्या वर चार बोटांवर सुरू होते आणि उजवीकडं उतरत जाते.

"अण्णा, पाणी सपाट असतंय," माझा धाकटा भाऊ म्हणाला होता.

"पाणी सपाटच हाय. मीच न्हाई ऱ्हायलो सपाट," अण्णा म्हणाले.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. घर धाकट्यानं बिल्डरला दिलंय. दिवाळीनंतर पाडायचं, खाली पार्किंग, वर तीन मजले. त्या कागदपत्रांच्या फेऱ्यांत मी त्याच्याबरोबर हिंडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शहराचा नकाशा नीट बघितला. हे त्याबद्दलच आहे. तक्रार नाही, म्हणजे थोडी आहे, पण ती निम्मी माझ्याबद्दलच आहे.

बाहेरच्यांसाठी आधी एक सांगायला हवं. जुलै लागला की कोल्हापूरचा माणूस चहाच्या आधी राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघतो. कसबा बावड्याच्या या बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात, ती फूट आणि इंचांत. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. हे आकडे इथल्या पोरासोरांनाही तोंडपाठ असतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न, "राधानगरीचे किती?" म्हणजे राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले. एका दरवाजातून 1428 क्युसेक, हेही पाठ. आणि तिसरा प्रश्न जुन्या पेठांतल्या म्हाताऱ्यांचा: "मच्छिंद्री झाली काय?" शिवाजी पुलाच्या दगडी कमानींच्या माथ्याला पाणी भिडायला आलं की मच्छिंद्री झाली म्हणतात. मच्छिंद्री बघायला आमचे लोक पोराबाळांना घेऊन, खांद्यावर बसवून जातात. पुराची भीती आणि पुराची हौस आमच्याकडं एकाच छत्रीखाली असते.

2019 च्या ऑगस्टमध्ये तो आकडा 55 च्या पुढं गेला. दोन वर्षांनी, जुलैत, पुन्हा तितकाच, किंबहुना थोडा वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन शहर तुटलं. 2019 ला गणपती तोंडावर आलेले. आमच्या गल्लीतल्या कुंभारांनी मूर्ती आधी फळ्यांवर चढवल्या, मग माळ्यावर, मग जिथं जागा मिळेल तिथं. उरलेल्या विरघळल्या. पाणी ओसरल्यावर गल्लीत जो चिखल होता त्यात अर्धी शाडू होती. शेजारचे मामा तो चिखल फावड्यानं ओढत होते आणि सारखं म्हणत होते, "ह्यातला आमचा कुठला आणि नदीचा कुठला, कसं वळखायचं?"

तर नकाशा.

त्या कार्यालयातला मुलगा माझ्या लेकीच्या वयाचा असेल. त्यानं टेबलावरचा चहा बाजूला केला आणि नकाशाची पट्टी पसरली. "ताई, ही निळी रेषा, ही लाल. तुमचा प्लॉट ह्या दोन्हीच्या मधे येतोय." त्यानं बोट ठेवलं तिथं आमचं घर तांदळाच्या दाण्याएवढं होतं. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशाची. निळीच्या आत नवं घर बांधायला बंदी. निळी आणि लाल यांच्यामध्ये जुनं घर पाडून नवं बांधता येतं, पण राहता मजला लाल रेषेच्या पातळीहून दीड फूट वर हवा. राज्यासाठी 2020 च्या डिसेंबरात जी एकत्रित बांधकाम नियमावली आली तिच्यात हे आहे.

"आणि निळीच्या आत काय चालतं?" धाकट्यानं विचारलं.

"पार्किंग चालतं. बाग, उघडा भाजीबाजार, सांडपाणी केंद्र. स्मशानभूमी चालते."

"म्हणजे मेल्यावर ऱ्हायला चालतंय," धाकटा म्हणाला. तो मुलगाही हसला. हे त्यानं पहिल्यांदा ऐकलेलं नसावं.

मी त्याला विचारलं, आमच्या जिन्याखालची 2021 ची रेघ ह्या लाल रेषेच्या वर आहे की खाली? त्याला ते सांगता येईना, आणि त्यात त्याची चूक नव्हती. नकाशा समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये बोलतो, आमची भिंत फरशीपासून बोटांत बोलते. दोघांची गाठ घालून द्यायला लेव्हल लावणारा माणूस आणावा लागतो, आणि तो आम्ही आणलाही, पण बिल्डरच्या पार्किंगची उंची ठरवायला.

शंभर वर्षांतून एकदा, हे शब्दच फसवे आहेत. मला वाटायचं, एकदा येऊन गेला म्हणजे शंभर वर्षांची उसंत. लेकीनं वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. दर वर्षी शंभरात एक, आणि हे फासे प्रत्येक जून महिन्यात नव्यानं पडतात. गेल्या वर्षी काय पडलं याची त्यांना आठवण नसते. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर ते फिटेपर्यंत लाल रेषेचा पूर एकदा तरी दारात येण्याची शक्यता साधारण 18 टक्के. निळ्या रेषेच्या पुराची 55 टक्क्यांहून जास्त. बँकेच्या कागदांत हा आकडा कुठंच नसतो. तिथं आगीचा विमा असतो.

आणि हे गणितही पाऊस पूर्वीसारखाच पडणार असं धरून केलेलं.

घरी येताना मला राहून राहून एक गोष्ट खटकत होती. नियोजन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय काय बांधायचं त्याची यादी येते. उड्डाणपूल, भाजी मंडई, नाट्यगृह. सरकारी घोषणा ऐका, तिथंही तीच यादी. पण त्या नकाशावर मला जे खरं नियोजन दिसलं ते बांधण्याचं नव्हतंच, सोडण्याचं होतं. इथं नको. इथून मागं. ही जागा तिची. आणि सोडण्याचं उद्घाटन करता येत नाही. रिकाम्या जागेवर कोनशिला कुठं बसवणार?

हे सोडणं आम्हाला पूर्वी जमत होतं का? थोडं जमत होतं. पंचगंगा घाटाजवळ ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. 1945 च्या सुमाराला सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं, आणि सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली. ग्रीक सागरदेव पोसायडनची वीतभर उंचीची सुरेख ब्राँझची रोमी मूर्ती इथलीच. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे, जाऊन बघा. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचा माल घेणारे हे लोक नदीकाठी राहत होते, पण टेकाडावर. खालचं त्यांनी नदीला ठेवलं होतं. कुणी निळी रेषा आखून दिली नव्हती. बहुधा चार पावसाळे काढले असतील आणि समजलं असेल.

मग तळी. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं हे आता नावांवरूनच ओळखायचं. कपिलतीर्थावर मंडई आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम, पद्माळ्याच्या आणि सिद्धाळ्याच्या जागी बागा. ही यादी मी कुणाला शिव्या द्यायला करत नाही. मंडईत मी दर रविवारी जाते, स्टेडियमवर फुटबॉलसाठी धाकट्यानं घसा फोडलाय. पेठांची तालीम मंडळं खेळतात तेव्हा तिथं जे चालतं त्याला खेळ म्हणायचं की सण, मला अजून कळलेलं नाही. पण गांधी मैदानाचं सांगते. लहानपणी मावशीकडं गेलं की पावसाळ्यात आम्ही ते बघायला जायचो. मोठा पाऊस झाला की मैदानाचं तळं व्हायचं. आजही होतं. वर्तमानपत्रं दर वर्षी लिहितात, गांधी मैदानाला तळ्याचं स्वरूप. अहो, स्वरूप कसलं? मधले काही महिने त्याला मैदानाचं स्वरूप येतं, एवढंच.

राजर्षी शाहू महाराजांचं नाव आल्याशिवाय कोल्हापुरात कुठलाच लेख पुरा होत नाही, पण मला त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे, ती म्हणजे राधानगरीचं धरण त्यांनी पुरं झालेलं बघितलं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर त्यांनी ते काढलं. संस्थान लहान, पैसा तुटपुंजा. काम अर्ध्यावर थांबलं. 1922 मध्ये महाराज गेले. धरण पूर्ण व्हायला 1950 चं दशक उजाडलं, तोवर संस्थानच उरलं नव्हतं. आपल्या हयातीत ज्याचं पाणी आपल्याला दिसणार नाही अशा कामाची पहिली शिळा बसवायला काय लागत असेल, याचा मी अधूनमधून विचार करते. निवडणूक नसलेला राजा होता म्हणून जमलं, असं माझे मिस्टर म्हणतात. असेलही. पण निवडणूक नसलेले राजे इतर संस्थानांतही होते.

आणि महाराजांचं सगळंच बरोबर होतं असं म्हणायची आपल्याकडं जी सवय आहे तिलाही मी सही करणार नाही. आमची शाहूपुरी 1895 ची, महाराजांनीच वसवलेली, गुळाची पेठ. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशा नंबरानं आखलेल्या सरळ रेषा. तरी शेवटच्या गल्ल्यांत पाणी येतंच. कारण शेजारून जयंती वाहते.

जयंतीला आता सगळे नाला म्हणतात. कळंब्याच्या बाजूनं येते, शहराच्या पोटातून फिरते, गावाचं सांडपाणी गोळा करते आणि पंचगंगेला मिळते. नदीला पूर आला की नदी तिला आत घेत नाही. मग ती उलटी चढते. शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला, दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात जे पाणी येतं ते असं मागच्या दारानं येतं. सुतारवाड्यातली कुटुंबं दर मोठ्या पावसात चित्रदुर्ग मठात जाऊन राहतात. भांडी, गाद्या, पोरांची दप्तरं घेऊन. आता त्याची बातमीही दोन ओळींत येते.

इथं मला माझं सांगावं लागेल. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही कळंब्याला प्लॉट घेतला. शिक्षकांच्या सोसायटीतला, स्वस्तातला. तेव्हा मागं ऊस होता आणि उसाच्या कडेनं एक ओढा. ओढ्यात खेकडे मिळायचे. मग प्लॉट पडत गेले, ऊस गेला. ओढ्याला आधी बांध घातला, मग सिमेंटचे पाईप टाकले, मग वरून रस्ता केला. रस्ता व्हावा म्हणून ग्रामपंचायतीला जो अर्ज गेला त्यावर माझी सही आहे. चिखलातून मुलीला शाळेत सोडायचं मला जिवावर यायचं, म्हणून केली. पूर्वी पाऊस पडला की पाणी उसात थांबायचं, जिरायचं, निवांत ओढ्याला लागायचं. आता आमच्या गच्च्यांवरून, फरशा घातलेल्या अंगणांवरून, डांबरावरून ते तासाभरात पळत सुटतं. आणि जातं कुठं, तर जयंतीला. म्हणजे सासरच्या गच्चीचं पाणी माहेरच्या उंबऱ्याला. अण्णांच्या त्या वाकड्या रेघेत चार थेंब माझेही आहेत, हे मला तो नकाशा बघेपर्यंत सुचलं नव्हतं.

पूर आला की आमच्या भागात सगळ्यांचं बोट अलमट्टीकडं जातं. कर्नाटकच्या त्या धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 करायचा वाद जुना आहे आणि त्यात दम नाही असं मी म्हणणार नाही; ते काम जाणत्यांचं. पण 2019 नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनं जो अहवाल दिला त्यात अतिवृष्टीबरोबर नदीपात्रातल्या आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवरही बोट होतं. त्यावर आमच्याकडं फारसं कुणी भांडत नाही. लांबच्या धरणावर मोर्चा नेता येतो. आपल्या मागच्या ओढ्यावर कुणी मोर्चा न्यायचा?

कळंब्याची आणखी एक गंमत आहे. मी कोल्हापुरात राहते असं सगळ्यांना सांगते, पण कागदावर मी खेड्यात राहते. महापालिकेची हद्द आमच्या अलीकडंच संपते. 1972 साली नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हा जेवढी हद्द होती तेवढीच, 66.82 चौरस किलोमीटर, आजवर चालत आली. हद्दवाढ हा शब्द मी शाळेत असल्यापासून ऐकते. शहरवाले हद्दवाढीसाठी उपोषणाला बसतात, गाववाले हद्दवाढीविरुद्ध गाव बंद ठेवतात. आमच्या गल्लीत दोन्ही पक्ष एकाच कट्ट्यावर चहा पितात. "महापालिकेत गेलं की घरफाळा वाढतोय, आणि मिळतंय काय, डुकरं," असं एक म्हणतो. "मग पाणी कशाला मागतोस शहराचं, केएमटीची बस कशाला पाहिजे?" असं दुसरा. दोघंही खरं बोलतात, म्हणूनच ते मिटत नाही. शेतीवाल्यांची भीती आणखी वेगळी. हद्दीत गेलो की जमिनीवर आरक्षण पडेल. 2017 मध्ये यावर तोडगा म्हणून शहराभोवतीची 42 गावं घेऊन नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण केलं. शहराला हद्द मिळाली नाही, गावांना शहर मिळालं नाही. आणि ओढा, ज्याला यातलं काही ठाऊक नाही, तो एका नकाशात उगवतो आणि दुसऱ्यात वाहतो.

आरक्षणाच्या भीतीवर हसू नका. माझ्या आईच्या चुलतभावाची बारा गुंठे जागा होती, शहराच्या कडेला. विकास आराखड्यात तिच्यावर बाग पडली. नकाशात हिरवा चौकोन. मामाला ती विकता येईना, बांधता येईना, आणि ती घ्यायला कुणी येईना. प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा 1966 चा कायदा आहे, त्याच्या 127 व्या कलमाप्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत संपादनाची हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप उठतं. मामानं दहा वर्षं काढली. मग वकील, नोटीस, आणखी वाट. आरक्षण उठलं. आता तिथं फ्लॅट आहेत, खाली मेडिकल आणि बेकरी. बाग गेली म्हणून मी हळहळले, तर मामा म्हणाला, "बाग सरकारची आणि गुंठे माझे व्हय? पोरीचं लगीन मी हिरव्या रंगात केलं असतं काय?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर बागेचा रंग भरायचा आणि खिशात दमडी ठेवायची नाही, ह्याला नियोजन म्हणायचं तर मग इच्छापत्र कशाला म्हणायचं?

ज्यांची जमीन पिवळ्यात बसली, म्हणजे घरं बांधता येणाऱ्या यलो झोनमध्ये, ती रात्रीत सोन्याची. ज्यांची हिरव्यात, ती उसाची. रंगाचा ब्रश कुणाच्या हातात आहे याच्याइतका गुंठ्यांच्या बाजारात दुसरा प्रश्न नाही. आणि ज्यांनी रंग न बघताच तुकडे पाडून विकले, त्यांच्यासाठी असली बांधकामं नियमित करून देणारा 2001 चा गुंठेवारी कायदा होताच. 2021 मध्ये त्याची मुदत पुढं सरकवून 2020 अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. नियम मोडणाऱ्याला ठाऊक असतं की मुदत सरकते. नियम पाळणाऱ्याला फक्त वाट बघायची ठाऊक असते.

2015 ला स्मार्ट सिटींच्या याद्या निघू लागल्या तेव्हा कोल्हापुरात थोडी नाराजी झाली होती. सोलापूर आलं, आम्ही नाही. मलाही तेव्हा वाईट वाटलं. आता वाटत नाही, कारण शहाणपणाचा एक शब्द ह्या राज्याला आम्हीच दिलेला आहे आणि तो आम्हीच विसरलोय. महाराष्ट्रात कुठंही जा, शेतकरी केटी वेअर म्हणतो. केटी म्हणजे कोल्हापूर टाइप. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बसवायचे बरगे. पाऊस संपत आला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं, उन्हाळाभर वापरायचं. मिरगाच्या आधी बरगे काढून ठेवायचे आणि पुराला वाट मोकळी करायची. बंधारा तोच, पण वर्षातले चार महिने तो नसल्यासारखा असतो. बरगे घालायला माणसं लागतातच, पण काढायला अक्कल लागते, असं आजोळी म्हणायचे. एक दिवस उशीर झाला तर बरगे वाहून जातात, बंधाऱ्यालाच धोका होतो. ज्या गावानं न अडवण्याला बांधकामाइतकंच महत्त्व देणारी ही रचना आपल्या नावानं मिरवली, त्याच गावानं मग नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंगचा विचार करावा!

नदीचंही तसंच. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. पाच नद्यांचं पाणी दारातून जातं आणि प्यायला मात्र दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून पन्नास-बावन्न किलोमीटर पाईप टाकून आणलं. थेट पाईपलाईनसाठी शहरानं कित्येक वर्षं आंदोलनं केली. 2023 च्या दिवाळीत ते पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं तेव्हा लोकांनी त्यानं आंघोळी केल्या, पेढे वाटले. मीही आनंदले. 2012 ला पंचगंगेच्या खालच्या अंगाला, इचलकरंजीत, काविळीच्या साथीनं जे झालं ते आम्ही जवळून पाहिलंय. खालच्या गावांना आपण काय पाठवतो हे माहीत असताना तेच आपण प्यावं असं कोण म्हणेल? कसबा बावड्याला रोज 76 दशलक्ष लिटरचं सांडपाणी केंद्र आहे, दुधाळीला 17 चं. तरीही नाल्यांचं पाणी नदीत जाताना दिसतंच. पाईप आला म्हणजे नदीशी असलेला आपला शेवटचा स्वार्थही सुटला, ही भीती मला आहे. जिचं पाणी पीत नाही तिची काळजी घेणं ही भाविकांची कामं होतात, आणि भाविक निर्माल्य टाकतात.

प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही संगमाजवळची दोन गावं. 1989 च्या पुरानंतर त्यांना वर, सोनतळीला, जागा मिळाल्या. कागदावर प्रश्न सुटला. पण खाली शेतं, खाली गोठे, खाली ग्रामदैवत. धारा काढायला पहाटे चार वाजता सोनतळीहून कोण उतरणार? म्हणून पुष्कळांनी दोन्हीकडं संसार ठेवला. पूर आला की वर, ओसरला की खाली. मी पूर्वी ह्या लोकांना हट्टी म्हणायचे. आता वाटतं, त्यांनी घराचेच बरगे केलेत. वर जायला जागा आहे म्हणून त्यांना खाली राहता येतं. आमच्या शाहूपुरीला सोनतळी नाही.

विकास आराखडा वीस वर्षांनी नव्यानं करावा असं कायदा म्हणतो. कोल्हापूरचा चालू आराखडा गेल्या शतकाच्या शेवटाचा, आणि तिसऱ्याचं काम सुरू आहे. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती आणि सूचनांना तीस दिवस मिळतात. बहुतेक हरकती अशा असतात: माझ्या जागेवरचं आरक्षण काढा. माझा पिवळा करा. रस्ता पलीकडून न्या. मी माझी लिहून ठेवली आहे, अर्ध्या पानाची. कळंब्याच्या मागच्या ओढ्याला ओढा म्हणून दाखवा, त्याला दोन्ही अंगांना जागा सोडा. ती जागा आमच्या कंपौंडच्या आत चार फूट येते. मिस्टरांना अजून वाचून दाखवली नाही. शिवाय आमचं कळंबं शहराच्या आराखड्यात येतच नाही, तेव्हा ती नेमकी कुणाच्या टेबलावर ठेवायची तेही शोधायचं आहे.

घर पाडायला सुरुवात व्हायच्या आधीच्या रविवारी आम्ही जिन्याखालची अडगळ काढली. भिंत जुनी, पांढऱ्या मातीची. रेघांसकट कापून काढता येईल का असं मी गवंड्याला विचारलं. त्यानं नखानं खरवडून बघितलं. "येणार न्हाई ताई. हात लावला की भुगा." मग धाकट्यानं टेप धरली, मी वहीत लिहून घेतलं. फरशीपासून किती, आणि फरशी रस्त्यापासून किती. बिल्डरशी बोलून ठेवलंय. नव्या पार्किंगच्या पहिल्या खांबावर त्याच मापानं चारही रेघा उतरवायच्या. वाकडी वाकडीच ठेवायची.

रंगारी वहीतली मापं बघत होता. आमच्याच गल्लीतला, मामांचा नातू. गणपतीचे डोळे आखतो, त्याचा हात स्थिर आहे. म्हणाला, "आत्या, ह्या चार झाल्या. वर किती सोडू?"

मी धाकट्याकडं बघितलं, धाकट्यानं छताकडं.